पुरळ उठण्याआधीचे चार दिवस

नाहूर, २ मार्च २०२६

श्रुती,

तू मला ब्लॉक केलंयस हे कळायला मला दोन दिवस लागले. सिद्धेशला फोन केला तर म्हणाला, "ताई, ती सध्या कुणाशीच बोलत नाहीये." कुणाशीच, की फक्त माझ्याशी? त्यावर त्याने विषय बदलला. तुझा नवरा खोटं बोलू शकत नाही, हे त्याचं चांगलं आहे. शेवटी त्याने पुण्याचा, त्याच्या बहिणीचा पत्ता तेवढा दिला, म्हणून हे पत्र. फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

प्रांजलला कानांनी ऐकू येत नाही, हा रिपोर्ट त्यानेच सांगितला. मी बावळटासारखं "दोन्ही?" असं दोनदा विचारलं. तीस जानेवारीला त्याला नऊ महिने होऊन गोवराची लस मिळणार होती आणि अठ्ठावीसला ताप आला. दोन दिवस गं, फक्त दोन दिवस. आईला अजून नीट सांगितलेलं नाही. कानाला थोडा त्रास आहे, पुण्याला ट्रीटमेंट चालू आहे, एवढंच सांगितलंय.

तुझा राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. अकरा दिवस पोर हॉस्पिटलमध्ये होतं, त्यातले चार दिवस आयसीयूत, आणि सख्खी मावशी, तीसुद्धा आरोग्य केंद्रात काम करणारी, नाहूरहून मुलुंडला एकदाही आली नाही. एक स्टेशन. तुझ्या जागी मी असते तर मीपण ब्लॉक केलं असतं.

पण माझं ऐक. जानेवारीपासून आमच्याकडे डोंगरावरच्या वस्तीत गोवराची साथ आहे. सकाळी आठला घर सोडायचं ते अंधार पडेपर्यंत. एक मूल सापडलं की त्याच्या आईसमोर बसायचं आणि विचारायचं, पुरळ उठण्याआधीचे चार दिवस हे कुठे कुठे गेलं होतं? कारण गोवर अंगावर दिसायच्या आधी चार दिवस पसरत असतो. पोर नुसतं सर्दीने बेजार वाटतं, सगळे त्याला उचलून घेतात, मुके घेतात. आया आधी "कुठेच नाही" म्हणतात. चहा पिऊन होईपर्यंत एक लग्न निघतं, एक मयत निघते, कल्याणची आत्या निघते. मग कल्याणला फोन. अशी मी आणि माझी वही. त्या वस्तीतून उठून मी तुझ्या आजारी पोराजवळ कशी येणार होते?

शीतलला तुम्ही कामावरून काढलंत, त्याबद्दल मी काही बोलत नाही. रोज ती प्रांजलला सांभाळायची आणि राहते त्याच वस्तीत. सिद्धेशने मला विचारलं, "तिकडे केसेस आहेत का?" मी म्हटलं, आहेत, सात. सात होत्याच.

आमची उत्तरा बरी आहे, शाळेत जाते. सुबोधचं मढला शूटिंग चालू आहे, लाइटचं सामान तिकडेच पडून असतं, त्यामुळे बाबा तिला दोन-तीन दिवसांनी दिसतो.

प्रांजलचा एखादा फोटो सिद्धेशच्या फोनवर तरी पाठव.

ताई


११ मार्च

श्रुती,

पत्र पोचलं, असं सिद्धेश म्हणाला. तू वाचलंस की नाही, ते त्याला माहीत नाही.

आधी एक दुरुस्ती करते. वस्तीतून येऊन मी प्रांजलला काही दिलं असतं, असं लिहिलं होतं ते खोटं आहे. मला लहानपणी गोवर येऊन गेलाय, मालवणला, आईने मला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. ज्याला एकदा येऊन गेला तो दुसऱ्याला देत नाही. हे मी रोज लोकांना समजावते आणि तुला मात्र उलटं लिहिलं.

काल शीतल भेटली. भांडुपच्या मार्केटमध्ये भाजी घेत होते, तर मागून "ताई" म्हणून हाक आली. वाळलीय. तुमच्या बिल्डिंगमध्ये तिची अजून तीन घरं होती ना, तीही सुटली. गेटवर तिचं नाव लिहून कागद लावलाय म्हणे, हिला आत सोडू नये. वॉचमनने तिला तो वाचून दाखवला.

मला म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा ना त्यांना. माझ्या घरात कुणालाच काही नव्हतं. माझ्या पोरीला तर दोन्ही लशी झाल्यात, तुमच्यासमोरच झाल्या."

खरं आहे. तिची संघमित्रा तीन वर्षांची आहे. दोन्ही वेळा शीतल सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. तिने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबरबँड लावून आणलं होतं. सिस्टरने सुई दिली आणि कार्डावर तारीख मी टाकली.

मी तिला म्हटलं, "बघते." आणि मेथीची जुडी घेऊन निघाले.

श्रुती, बोरन्हाणाच्या दिवशी उत्तराला थोडी सर्दी होती. संक्रांतीनंतरचा तो रविवार, अठरा तारीख. तुला आठवत असेल, मी तिला तुमच्याकडे आल्या आल्या बेसिनवर नेऊन तोंड धुतलं होतं. डोळे लाल होते. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, रिक्षात धूळ गेली.

एवढंच सांगायचं होतं. सर्दी पोरांना होतेच.

ताई


१५ मार्च

श्रुती,

ते पत्र टाकलं आणि घरी आले तर आई दारातच बसलेली. मी तुला पत्रं लिहिते हे तिला माहीत आहे. म्हणाली, "काय लिवलंस?" मी म्हटलं, ख्यालीखुशाली. ती म्हणाली, "गो, सख्ख्या बहिणीपासून लपवन तू खंय जातलंस? माका दिसला तां मियां कोणाक सांगूक नाय. पण तू सांग."

सांगते.

वीस जानेवारीला सकाळी उत्तराची वेणी घालताना तिच्या कानामागे पुरळ दिसलं. दुपारी कपाळावर, संध्याकाळी गळ्यावर. तसलं पुरळ मी तोवर वस्तीतल्या पोरांच्या अंगावर बघितलं होतं. मला डॉक्टरची गरज नव्हती.

तिला लस झालेली नाही. एकही नाही.

तू म्हणशील, कार्डावर आहे. कार्डावर मीच लिहिलंय. ती नऊ महिन्यांची झाली तेव्हा करोनाची दुसरी लाट होती. मी दिवसभर लोकांच्या बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावत फिरत होते आणि लशीच्या दिवशी तिला ताप होता. त्या महिन्यात माझा भाग लसीकरणात शंभर टक्के दाखवायचा होता. सगळ्यांची पोरं झाली आणि माझीच राहिली, हे कुठल्या तोंडाने लिहायचं? मी तारीख टाकली. म्हटलं, पुढच्या बुधवारी नेऊन देऊ. तो बुधवार आलाच नाही. दुसऱ्या डोसच्या वेळी सिस्टरने पहिल्याबद्दल काही विचारलं असतं, म्हणून तोही मीच लिहिला. मला त्या वर्षी स्टेजवर बोलावून शाल आणि सर्टिफिकेट दिलं, तू आली होतीस टाळ्या वाजवायला. नंतर शाळेच्या अ‍ॅडमिशनला ते कार्ड चाललं. खोटं लिहिलेलं इतकी वर्षं खरं म्हणून चाललं, की माझ्या डोक्यातूनही ते गेलं.

तिला गोवर मिळाला कुठून, तेही मला ठाऊक आहे. आठ जानेवारीला आई डोळे तपासायला गेली होती, म्हणून शाळा सुटल्यावर उत्तराला मी कामावर घेऊन गेले. वस्तीतल्या एका घरात मी फॉर्म भरत होते आणि ती त्यांच्या मुलीबरोबर खाटेवर भातुकली खेळत होती. त्या मुलीला दोन दिवसांनी पुरळ उठलं. तिचा फॉर्म मीच भरला. 'चार दिवसांत घरी कोण आलं' ह्या रकान्यात मी माझ्या मुलीचं नाव लिहिलं नाही. लस झालेल्या पोरीचं नाव कशाला लिहायचं, असं मनात म्हटल्याचं मला आठवतंय. म्हणजे मी स्वतःलाच कार्ड दाखवत होते.

मग तुमच्याकडचं बोरन्हाण. माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही. प्रांजल पाटावर, हलव्याचे दागिने घातलेला, ते दागिने तोंडात घालायला बघतोय. तू वरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्यास आणि सोसायटीची सगळी पोरं त्याच्या अंगावरून वेचायला तुटून पडली. उत्तरा सगळ्यात पुढे होती. तिने एक चुरमुरा आधी स्वतःच्या तोंडात घातला आणि दुसरा त्याच बोटांनी त्याच्या तोंडात भरवला. तू म्हणालीस, "बघ, ताई भरवतेय त्याला." आपण सगळ्या हसलो. सिद्धेशकडे त्याचा व्हिडिओ आहे.

पुरळ उठल्यावर मी शाळेत सांगितलं, गावाला गेलीय. आईने दारामागे कडुलिंबाचा डहाळा ठेवला होता, तो मी काढायला लावला, शेजारणीला दिसेल म्हणून. एक फेब्रुवारीला सिद्धेशने प्रांजलच्या चेहऱ्याचा फोटो पाठवला, "ताई, घामोळं आहे ना हे?" फोटो उघडल्याबरोबर मला कळलं. मी लिहिलं, "डॉक्टरांना दाखवा." एवढंच. मग हॉस्पिटल, मग त्याच्या मेंदूला सूज. मी आले नाही, कारण तू मला विचारलं असतंस, आणि तुझ्यासमोर मला "कुठेच नाही" म्हणता आलं नसतं.

शीतलने काही आणलं नव्हतं. मी आणलं. आणि सात केसेस म्हणून सांगून मी बोट तिच्याकडे वळवलं. सात हा आकडा खरा होता, म्हणून मला ते खोटं वाटलं नाही.

सुगंधा


२९ मार्च

श्रुती,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षा धरलेली नाही. पण पुढे काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं.

सोळा तारखेला आमच्या डॉक्टर मॅडमच्या खोलीत गेले. चेतना मॅडम वयाने माझ्याहून लहान आहेत, पण मला नेहमी "सुगंधाताई" म्हणतात. मी उत्तराचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड उचलून त्यावरच्या तारखा वाचल्या. शेवटी एकच विचारलं.

"अठराला ते बाळ संपर्कात आलं. तुम्हाला वीसला सकाळी कळलं. बहात्तर तास तुम्हाला माहीत होते ना?"

मी "हो" म्हटलं.

श्रुती, हे मागच्या पत्रात मी लिहिलं नाही. पानं पुरली नाहीत म्हणून नाही. संपर्क आल्यापासून बहात्तर तासांच्या आत लस दिली तर गोवर टळू शकतो. सहा महिन्यांवरच्या बाळाला साथीत देतात. त्यानंतरही सहा दिवसांपर्यंत मोठ्या हॉस्पिटलात दुसरं एक इंजेक्शन मिळतं. हे मी दारोदार सांगत फिरते. वीस तारखेला सकाळी मी फोन हातात घेतला होता, तुझं नाव समोर होतं. मला वाटलं, कदाचित त्याला लागलंही नसेल, मग उगाच माझी नोकरी जाईल. मी फोन ठेवला आणि उत्तराला पेज भरवली.

कदाचित तरीही झालं असतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. पण मी तुला तो "कदाचित" मिळू दिला नाही.

त्यांनी कोरा फॉर्म पुढे केला. "बसा. आता मी विचारते. पुरळ उठण्याआधीचे चार दिवस."

सोळा जानेवारीला शाळा. सतराला शनिवारची सुट्टी होती, सुबोध तिला शूटिंग दाखवायला मढला घेऊन गेला. अठराला तुमचं घर. एकोणीसला आईबरोबर शेजारच्या हळदीकुंकवाला. मढला ती दिवसभर बंगल्याच्या राखणदाराच्या दोन पोरांबरोबर अंगणात होती. मॅडमनी तिकडच्या केंद्रात फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अहो, आम्ही महिनाभर डोकं फोडतोय, ह्या गल्लीत गोवर आला कुठून?" ती दोन पोरं, मग गल्लीतली पाच, मग कोळीवाड्यातली तीन. एका मुलीला न्यूमोनिया झाला होता, ती वाचली. दुसऱ्या दिवशी तिकडच्या टीमने घरं पिंजून अठरा पोरांना लस दिली. त्यातली काही तरी सुटली असतील. सुबोधला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी तिला नेलं असतं का?" तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

मला कामावरून थांबवलंय. चौकशी आहे.

मग शीतलकडे गेले. डोंगर चढून, तिच्या दारात. सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हातातलं लाटणं तसंच होतं.

"आता मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मला माहीतच होतं मी नाही आणलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. गेटवर येऊन सांगा."

"येते," मी म्हटलं.

"आज नाही. रविवारी. रविवारी सगळे खाली असतात."

बावीस तारखेला सकाळी साडेदहाला आम्ही दोघी तुमच्या गेटवर उभ्या होतो. आईने उत्तराला घेऊन मागे यायचा हट्ट धरला, मला अडवता आलं नाही. पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग चालू होती, चाळीसेक माणसं. सिद्धेशही होता. मी बोलले. मागचे "मोठ्याने, मोठ्याने" म्हणत होते, म्हणून सगळं दोनदा बोलावं लागलं. माझी मुलगी. माझं खोटं कार्ड. शीतल नाही.

सिद्धेश लिफ्टकडे निघून गेला. तुला लिहिलेली पत्रं त्याने उघडली नव्हती, त्याला तिथेच पहिल्यांदा कळलं.

सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे मॅडम, झालं ते झालं."

शीतल पुढे आली. "झालं नाही साहेब. कागद अजून तिथेच आहे."

त्यांनी वॉचमनला खूण केली. शीतल म्हणाली, "त्याने नाही. तुम्ही काढा." गेले ते, आणि काढला. दुसऱ्या मजल्यावरच्या उत्तराबाई, आपल्या उत्तराच्या नावाच्या म्हणून तू मागे सांगितलं होतंस त्या, तिथल्या तिथे म्हणाल्या, "शीतल, उद्यापासून ये गं." शीतल म्हणाली, "बघते."

सुगंधा


१२ एप्रिल

श्रुती,

तुझं पत्र आलं. साडेतीन ओळी. मी त्या आईला वाचून दाखवल्या. प्रांजलच्या कानांचं ऑपरेशन तीन महिन्यांनी करायचं ठरतंय, तोवर मशीन लावून बघणार आहेत. मी पुण्याला यायचं नाही. शीतलचा नंबर पाठवायचा, तुला तिच्याशी स्वतः बोलायचंय.

नंबर ह्या कागदाच्या मागे लिहिलाय. ती दुपारी दोननंतर मोकळी असते. नाहूरला एका आजींकडे काम लागलंय तिला, तुमच्या सोसायटीत ती परत गेली नाही.

मी येणार नाही. तू सांगेपर्यंत नाही.

उत्तराला आठ तारखेला लस दिली. आमच्या केंद्रात नेलं नाही, भांडुपला नेलं, रांगेत बसले. गोवर होऊन गेल्यावरही ती द्यायचीच असते, त्यात रुबेलाही असतो. सिस्टर तारीख टाकत होती तेव्हा मी कार्डाकडे बघितलं नाही.

परतताना रिक्षात उत्तराने विचारलं. पार्किंगमध्ये ती सगळ्यांत मागे आजीचा हात धरून उभी होती, आणि मला वाटलं होतं की तिला काही समजलं नसेल.

"मम्मी, प्रांजलला माझ्यामुळे ऐकू येत नाही?"

"नाही. माझ्यामुळे."

"पण चुरमुरे मी भरवले."

"तू भरवलेस ते चांगलंच केलंस. तुला बरं नव्हतं हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. तुला घरी ठेवायचं काम माझं होतं."

तिने दंडावरचा कापूस दाबून धरला. मग म्हणाली, "मावशीला सांगितलंस?"

"सांगितलं."

"ती ओरडली?"

"नाही."

"काहीच नाही बोलली?"

"पत्र पाठवलं. छोटं."

उत्तरा म्हणाली, "ओरडायला पाहिजे होतं तिने."

श्रुती, ती पाच वर्षांची आहे आणि तिचं बरोबर आहे. साडेतीन ओळी मला झेपत नाहीत. मला माफ कर असं मी ह्या पाच पत्रांत कुठेच लिहिलेलं नाही, आताही लिहीत नाही, ते मागण्याइतकी मी निर्लज्ज नाही. एकच मागते. मला अनब्लॉक कर, फोन लाव आणि ओरड. जे तोंडाला येईल ते बोल. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, आणि फोन तू ठेवशील तेव्हाच ठेवेन.

सुगंधा